विषय क्रमांक सात

वॉर्डाच्या सभेत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर असते,
मांडीवर रजिस्टर.
बोलणारे बोलतात, मी त्यातलं लिहिण्याजोगं लिहिते.
बावीस वर्षं झाली.
आमच्या इतिवृत्तात कुणी ओरडत नाही,
कुणाचा चहा सांडत नाही,
माणसं फक्त मत मांडतात.

त्या दिवशी विषय क्रमांक सात :
पुराचे पाणी जेथवर चढले होते
तेथे भिंतींवर व खांबांवर पट्टा मारणे.

पहिले उठले नेमगोंडा मगदूम, हळदीचे अडते.
"मारा पट्टा, आणि माझ्या गाळ्याचं भाडं तुम्हीच भरा.
कपाळावर लिहून ठेवल्यावर कोण येणाराय घ्यायला?"
मी लिहिलं : आर्थिक बाबीकडे लक्ष वेधले.
मागून कुणीतरी म्हणालं,
"कृष्णेला ठाऊक हाय की कुठवर यायचं,
तिला कशाला खुणा?"
हे लिहिलं नाही.

मग रंगावरून जुंपली.
निळा म्हटलं की एक बाक उठायचा,
भगवा म्हटलं की समोरचा,
हिरव्याच्या वेळी सगळ्यांनी वर पंख्याकडं पाहिलं.
पिवळा कुणाचाच नसेल असं वाटलं होतं,
त्यालाही मालक निघाला.
पाऊण तास गेला यात.
शेवटी शिपाई सांगत आला,
अकरा नंबर शाळेच्या दारांचा चॉकलेटी ऑइलपेंट
उरलाय अडीच लिटर.
"गाळाचाच रंग की त्यो," म्हणाला,
आणि सभा एकदम गप्प.
गप्प बसण्याला रजिस्टरात रकाना नाही.
मंजूर.

सोमवारी बाबालाल शिकलगार आला गावभागात,
ब्रश, सुतळी, आणि पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी घेऊन.
नळीचं एक टोक खांबाला, दुसरं भिंतीला.
पाणी किती चढलं होतं
ते पाण्यालाच विचारायचं.
मी मागोमाग, देखरेखीला.

सभेत नको नको म्हणणारे सगळे दारात.
"एवढंच? माझ्याकडं ह्याच्यावर वीतभर होतं!"
सलूनवाले तातोबा आरसा दाखवायला लागले,
अर्ध्यापर्यंत पारा उडालेला.
मगदुमांनी तर पोत्यांची थप्पी बाजूला सारून
मागची भिंत उघडी केली,
तिथं ती तपकिरी रेघ, जशीच्या तशी.
"चुना देताना एवढी सोडायला लावली गड्याला," म्हणाले,
आणि पुन्हा पोती लावून घेतली.

बोळाच्या टोकाला शहनाज बागवान.
सभेत आली होती, बोलली नव्हती.
मुलगी उंबऱ्यावर उभी, एका पायात चप्पल.
"भैया, आमच्या दारावर जरा खाली मारा.
हिच्या डोक्याच्या वर नको.
रोज बघेल ती."

बाबालालनं नळीकडं पाहिलं,
पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
मी पेनचं टोपण शोधत होते.
त्यानं ब्रश टेकवला, चार बोटं खाली,
पट्टा पोरीच्या हनुवटीपाशी आला.
ती लगेच बोट लावून बघायला गेली, रंग ओला होता.
मी लिहिलं : काम समाधानकारक.

आता लोक पत्ता सांगतात,
पट्ट्याच्या वर बेल आहे, ती दाबा.
भाजीवाला पिशवी अडकवतो त्याच उंचीच्या खिळ्याला.
मगदुमांच्या गाळ्यात नवा भाडेकरू आलाय, भडंगवाला,
त्यानं फळ्या मात्र पट्ट्याच्या वरच ठोकल्यात,
न विचारता.

मीही घरी रेशनकार्ड आणि पोरांचे दाखले
एक कप्पा वर सरकवलेत.

जुलैत आयर्विन पुलाखालची फुटं
अख्खं गाव मोजत असतं,
दूधवाला, रिक्षावाला, बँकेचा कॅशियर,
सकाळी एक आकडा, संध्याकाळी दुसरा.
मीही मोजते.
आणि मनातल्या मनात दर वेळी
त्यात चार बोटं मिळवते.